कल्चरमध्ये काहीच उगवले नाही: असेप्टिक मेनिंजायटिसची शंभर वर्षे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताप, उलट्या आणि आखडलेली मान घेऊन एखादे मूल रुग्णालयात आले, मणक्यातून काढलेले पाणी नितळ निघाले आणि त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेल्या दिसल्या, तर डॉक्टरांच्या मनात पहिले नाव येई ते क्षयाचे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयावर तेव्हा औषधच नव्हते. अशी मुले बहुधा काही आठवड्यांतच दगावत. पण त्यातली काही मुले आठ-दहा दिवसांत खडखडीत बरी होऊन घरी जात. हे कसे?

स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे बालरोगतज्ज्ञ आर्विड वॉलग्रेन यांनी १९२५ मध्ये अशा रुग्णांचा वेगळा गट मांडला आणि त्या आजाराला तीव्र असेप्टिक मेनिंजायटिस, म्हणजे जंतू न सापडणारा मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हटले. त्यांच्या अटी काटेकोर होत्या. आजार अचानक सुरू झालेला हवा, पाण्यात पेशी वाढलेल्या पण कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू नकोत, कान किंवा सायनससारख्या जवळच्या जागी पू नको, आणि रुग्ण लवकर, मागे काही न उरता बरा झालेला हवा. शेवटच्या अटीमुळे निदान पक्के व्हायचे ते रुग्ण घरी जाण्याच्या सुमारास! वॉलग्रेन पुढे बालक्षयावरच्या कामासाठी जास्त ओळखले गेले. माझ्या मते हा योगायोग नव्हता. क्षय इतका नीट ठाऊक असल्याशिवाय हा गट वेगळा काढता आला नसता. हाइनरिख क्विन्के यांनी जर्मनीतल्या कील शहरात १८९१ मध्ये कमरेच्या मणक्यांतून सुईने पाणी काढण्याची पद्धत रुळवली नसती, तर हा प्रश्नच पडला नसता.

मात्र वॉलग्रेन यांनी सांगितले ते ‘काय नाही’ एवढेच. ‘काय आहे’ याचा पहिला धागा अमेरिकेत सापडला. १९३३ मध्ये सेंट लुईस शहरात मेंदूज्वराची साथ आली. तिचे नमुने माकडांमध्ये वाढवताना चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि राल्फ लिली यांना भलताच एक विषाणू मिळाला, त्याची नोंद त्यांनी १९३४ मध्ये केली. पुढच्याच वर्षी रिव्हर्स आणि स्कॉट यांनी तोच विषाणू मेनिंजायटिसच्या रुग्णांच्या पाण्यातून वेगळा केला. तो घरातल्या साध्या उंदरांकडून येतो. पण सगळ्या रुग्णांचा हिशेब त्याने लागेना. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी गावातून नवा विषाणू मिळाला, १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेतल्या ऊतींमध्ये वाढवून दाखवला, आणि मग आतड्यात राहणारे एन्टेरोव्हायरस एकामागून एक सापडत गेले. असेप्टिक मेनिंजायटिसचे आज सर्वांत जास्त आढळणारे ज्ञात कारण तेच आहे.

या इतिहासातले सर्वांत अवघड प्रकरण गालगुंडाच्या लशीचे. गालगुंडाचा विषाणू स्वतःच मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. शंभरातल्या सुमारे दहा रुग्णांत मेनिंजायटिसची लक्षणे दिसू शकतात. लशीतला ‘उराबे’ नावाचा जपानी वाणही कधीकधी तेच करत होता, लस टोचल्यावर दोन ते पाच आठवड्यांनी. जपानने १९८९ मध्ये हा वाण असलेली एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र) लस सुरू केली आणि तक्रारी वाढल्यावर १९९३ मध्ये ती थांबवली. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमच्या पाहणीत प्रमाण सुमारे चार हजार डोसांमागे एक निघाले. तिथे १९९२ मध्ये उराबेच्या लशी मागे घेऊन जेरिल लिन वाणावर भिस्त ठेवली गेली. मुलांच्या पाण्यात सापडलेला विषाणू लशीतला की गल्लीतल्या साथीतला, हे तेव्हा नव्याच आलेल्या जनुकीय तपासणीने सांगता आले. लशीमुळे आजारी पडलेली बहुतेक मुले पूर्ण बरी झाली. जपानमध्ये मात्र गालगुंडाची लस पुढे ऐच्छिकच राहिली, आणि २०१५-१६ च्या साथीत तीनशेहून अधिक जणांना गालगुंडामुळे बहिरेपण आल्याची नोंद तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी केली. लस थांबवण्याचीही किंमत असते, ती फक्त उशिरा वसूल होते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एमएमआर लशीत लेनिनग्राड-झाग्रेब वाण असतो. ब्राझीलमध्ये १९९७-९८ च्या मोहिमांनंतर या वाणाबाबतही मेनिंजायटिसची वाढ नोंदली गेली. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून गोवर-रुबेला लस दिली जाते, तीत गालगुंड नाही.

संसर्गाशिवायची कारणेही पुढे आली. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके (ल्युपस या स्वप्रतिकारक आजाराच्या रुग्णांत विशेष), को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक, शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडे). औषध बंद केले की बहुधा त्रास थांबतो. पण रुग्णाने घरी घेतलेल्या गोळ्या विचारल्याच नाहीत, तर हे निदान हातातून निसटते.

आज पीसीआर या जनुकीय तपासणीने एन्टेरोव्हायरस काही तासांत कळतो आणि प्रतिजैविके लवकर थांबवता येतात. त्यावर खास औषध नाही. विश्रांती, सलाईन, ताप-डोकेदुखीची औषधे एवढेच. नागीण गटातल्या विषाणूचा संशय असेल, विशेषतः रुग्ण असंबद्ध बोलत असेल किंवा झटके येत असतील, तर असायक्लोव्हिर लगेच सुरू करतात. आपल्याकडे दोन फसगती कायम असतात. आधी अर्धवट प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णात जिवाणू असूनही कल्चर कोरे येते. आणि क्षय अजून आहेच, वॉलग्रेन यांच्या काळासारखा नितळ पाण्यात लपलेला. क्षयात या पाण्यातली साखर सहसा कमी असते, म्हणून पाणी काढतानाच रक्तातली साखरही तपासून ताडून पाहतात. शंका राहिली, तर काही दिवसांनी पुन्हा सुई घालावी लागते.