फळ आईचं, बी दोघांचं

"कारल्याशेजारी दुधी लावला, म्हणून दुधी कडू झाला." परसबागेचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतंच. पावसाळ्याच्या तोंडावर मोबाइलवर बागकामाचे जे सल्ले फिरतात, त्यांतही ते असतं. त्याच्या जोडीला आणखी दोन वाक्यं हटकून येतात: हायब्रीडचं बी धरलं तर ते उगवतच नाही, आणि गावरान बियाणं एकदा आणलं की कायम तसंच राहतं. तिन्ही चुकीची आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. फळ आणि त्यातलं बी एकाच पिढीचं असतं, असं आपण गृहीत धरतो. ते तसं नसतं, आणि वनस्पतिशास्त्रातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट नेमकी इथे दडलेली आहे.

ज्या वाणाचं बी पुन्हा पेरलं की झाड आणि फळ मूळ झाडासारखंच येतं, त्याला शेतकरी सरळ वाण म्हणतात. असा सरळ वाण एखाद्या भागात, घराघरांत बी राखून पिढ्यान्‌पिढ्या टिकला असेल तर तो गावरान. जळगावचं भरताचं हिरवं वांगं, कोरेगावचा वाघ्या घेवडा, भिवापूरची मिरची, गोव्यातली सात शिरांची भेंडी ही त्यांतली नावाजलेली मंडळी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच वाण जमवून घरातच बियाणं बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचं कौतुक करताना लोक 'जमवलं' या शब्दावर थांबतात. जमवण्याहून अवघड काम पुढचं असतं: दरवर्षी पेरून, निवडून, भेसळ होऊ न देता तो वाण जिवंत ठेवणं.

आता कारलं आणि दुधी. दोघं भोपळ्याच्या कुळातले असले तरी त्यांच्या प्रजातीच काय, त्यांच्या वरचा गट, म्हणजे वंशही (जीनस) वेगळा. काकडीच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात, दुधी आणि कारल्याच्या पेशीत २२, लाल भोपळ्याच्या पेशीत ४०. दुधी-कारल्याचा आकडा जुळतो, पण तेवढ्याने त्यांचं जमतं असं नाही. मधमाशीने कारल्याचे पराग दुधीच्या मादी फुलावर नेऊन टाकले तरी त्यांच्यापासून बी धरत नाही. काकडीमुळे शेजारचं खरबूज मचूळ झालं, हीसुद्धा अशीच निराधार तक्रार आहे. खरबूज आणि चिबूड मात्र एकाच प्रजातीचे. त्यांचा संकर सहज होतो.

पण समजा, परकं परागकण खरोखरच जुळणारं असलं, तर? तरीही त्या फळाची चव बदलणार नाही. याचं कारण समजून घ्यायला फुलाच्या आत जावं लागेल.

परागकण कुक्षीवर, म्हणजे मादी अवयवाच्या चिकट टोकावर पडतो आणि तिथे चक्क रुजतो. त्यातून एक अतिसूक्ष्म नळी निघते आणि आतल्या ऊतींमधून वाट काढत अंडाशयातल्या बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं त्या भागापर्यंत पोचते. या नळीतून एक नव्हे, दोन नरपेशी जातात. एक अंडपेशीशी एकरूप होते आणि त्यातून गर्भ, म्हणजे पुढचं रोपटं तयार होतं. दुसरी नरपेशी वाया जात नाही. ती बीजांडातल्याच एका मोठ्या मध्यवर्ती पेशीशी मिळते आणि तिथून गर्भाचं अन्न, म्हणजे भ्रूणपोष तयार होतो. एका नळीतून दोन फलनं. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं. याला दुहेरी फलन म्हणतात आणि ते सपुष्प वनस्पतींचं खास वैशिष्ट्य आहे. त्या मध्यवर्ती पेशीत आईची दोन केंद्रकं असतात, त्यामुळे भ्रूणपोषात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक, असे गुणसूत्रांचे तीन संच येतात. आपण खातो तो गहू, तांदूळ, ज्वारी मुख्यतः हा भ्रूणपोषच आहे.

या सगळ्यात फळ कुठे आहे? फळाचा गर अंडाशयाच्या भिंतीपासून आणि आसपासच्या भागांपासून बनतो. ती भिंत फूल उमलण्याआधीपासून तिथे असते आणि तिच्या प्रत्येक पेशीत फक्त आईच्या वेलाची जनुकं असतात. बीचं टरफलसुद्धा आईचंच, कारण ते बीजांडाच्या आवरणापासून होतं. म्हणजे एका बीमध्ये टरफल जुन्या पिढीचं, आतला गर्भ नव्या पिढीचा आणि त्याची शिदोरी तीन वाट्यांची. बापाचं जे काही आहे ते टरफलाच्या आत. गरापर्यंत त्याची जनुकं पोचतच नाहीत.

मका हा याला अपवाद वाटतो. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा मका असेल तर त्याच हंगामात पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसतात. पण मक्यात आपण दाणाच खातो, आणि दाण्याचा रंग भ्रूणपोषातून दिसतो. नियम मोडलेला नाही. आपण पाहतोय तो भाग वेगळा आहे.

मेंडेलचे वाटाणे शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असतात. गोल आणि सुरकुतलेले दाणे: ५,४७४ आणि १,८५०. पिवळे आणि हिरवे: ६,०२२ आणि २,००१. या आकड्यांत एक गंमत आहे, जी शाळेत क्वचित सांगतात. वाटाण्याचा हा रंग आणि आकार आतल्या डाळिंब्यांचा असतो, आणि डाळिंबी हा गर्भाचाच भाग. त्यामुळे संकराचा परिणाम मेंडेलला त्याच वर्षीच्या शेंगा सोलून दिसत होता. झाडाची उंची किंवा फुलाचा रंग पाहायला तेच दाणे पेरून पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागे. आणि त्याने अभ्यासलेला टरफलाचा रंग? तो आईचा, म्हणजे दाण्यांवर दिसायला पुन्हा एक पिढी उशीर.

हेच आपल्या वाघ्या घेवड्याला लावून पाहा. त्याची ओळख म्हणजे दाण्यावरचे वाघासारखे पट्टे, आणि पट्टे टरफलावर असतात. यंदा एखाद्या फुलात दुसऱ्या वाणाचे पराग गेले तरी दाणा हुबेहूब पट्टेरीच निघणार, कारण टरफल आईचं. आपण विश्वासाने तो बियाण्यात ठेवणार. पुढच्या वर्षी त्या दाण्याचं झाड होईल आणि त्या झाडाला येणाऱ्या शेंगांमध्ये वेगळेच दाणे दिसतील. बी नुसतं न्याहाळून त्याची शुद्धता कळत नाही ती यामुळे. गावरान बियाणं आपोआप तसंच राहतं, हा समज इथे कोसळतो.

मग कडू दुधीचा दोषी कोण? गेल्या वर्षीचं परागकण. कमंडलू ज्याचे होतात, पोहायला शिकताना पाठीला जो बांधतात, तो कडू भोपळा दुधीच्याच प्रजातीतला आहे. गेल्या वर्षी त्याचे पराग तुमच्या दुधीच्या फुलात आले असतील. तेव्हा दुधी गोडच लागला. त्याच्या बियांतून यंदा उगवलेला वेल मात्र मिश्र, आणि कडूपणाचा गुण प्रभावी असल्याने त्याची सगळी फळं पहिल्यापासून कडू. एखादंच फळ कडवट असेल तर कडक ऊन आणि पाण्याची ओढ हे कारण असू शकतं. काकडीत हे नेहमी दिसतं. कारण कोणतंही असो, कडू दुधी खायचा नाही. त्यातली कुकुर्बिटासिन नावाची द्रव्यं शिजवूनही नष्ट होत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही दुधीचा रस कडू लागला तर तो टाकून द्या, असंच सांगितलं आहे. औषध कडूच असतं असं म्हणून तो घोटणारे लोक रुग्णालयात पोचले आहेत. कापल्यावर जिभेला एक चकती लावून पाहणं एवढंच करायचं आहे.

एकदा हे समजलं की बी राखण्याचा सगळा व्यवहार फुलाच्या रचनेवर येऊन ठेपतो. घेवड्याच्या फुलात खालच्या पाकळ्या जुळून पुंकेसर आणि कुक्षीभोवती बंद डबी करतात, आणि फूल नीट उमलण्याआधीच आत परागण उरकलेलं असतं. दोन वाणांत थोडं अंतर ठेवलं तरी बहुतेक वेळा भागतं. टोमॅटोत परागकोश एकमेकांना चिकटून सुळका करतात आणि कुक्षी त्याच्या आत राहते. तेही स्वतःचं स्वतः जमवतं. कडक उन्हाळ्यात मात्र कुक्षी सुळक्याच्या बाहेर डोकावते आणि संकराची शक्यता वाढते. वांग्याच्या ज्या फुलांची कुक्षी लांब, परागकोशांच्या पुढे आलेली असते, त्यांनाच नीट फळं धरतात. वांग्याचे पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतात. काळा भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा ते झरझर पडतात. आपल्या नेहमीच्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. असा भुंगा एका वांग्यावरून दुसऱ्यावर जाणारच, म्हणून वांगी आणि मिरचीच्या बियाण्यासाठी फांदीवर कळ्या असतानाच पातळ मलमलीची पिशवी बांधावी, रोज हलकेच हलवावी, फळ धरलं की काढावी आणि त्या फळाला दोरा बांधून ठेवावा.

वेलवर्गीय भाज्यांत नर आणि मादी फुलं वेगळी, त्यामुळे तिथे आपल्यालाच मधमाशी व्हावं लागतं. मादी कळीच्या खाली इवलंसं फळ असतं, त्यावरून ती ओळखू येते. लाल भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात. आदल्या संध्याकाळी टोकाला पिवळसर झालेल्या नर आणि मादी कळ्या शोधून दोऱ्याने तोंडं बांधायची. सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा केसर मादी फुलाच्या कुक्षीवर फिरवायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, म्हणून त्यांच्या कळ्या दुपारी बांधायच्या. दोडका आणि घोसाळं यांचा एकमेकांत संकर होऊ शकतो, पण घोसाळं फुलतं पहाटे. फुलण्याच्या वेळेने त्यांना बरंचसं वेगळं ठेवलं आहे. पुरतं नाही, कारण दोडक्याचं फूल सकाळपर्यंत टिकतं. दोन्ही वेल एकाच मांडवावर असतील तर कळ्या बांधणं आलंच.

हायब्रीडचं बी उगवत नाही, हाही खोटा प्रचार. हायब्रीड टोमॅटोचं बी उत्तम उगवतं. अडचण अशी की दोन वेगळ्या वाणांची जनुकं त्यात जोडीने असतात आणि पुढच्या पिढीत त्यांची नवी वाटणी होते. दहा रोपं, दहा तऱ्हा. तरीही दरवर्षी आवडीच्या झाडाचं बी धरत गेलात तर स्वपरागणामुळे जोड्यांतलं वेगळेपण प्रत्येक पिढीत निम्मं होतं: पहिल्या पेरणीत ५० टक्के, दुसऱ्या पेरणीत २५, सहाव्या पेरणीत दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे हायब्रीडमधूनही तुमचा स्वतःचा सरळ वाण निघू शकतो. वांझ बी देणाऱ्या 'टर्मिनेटर' तंत्राचं पेटंट १९९८ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं हे खरं, पण तसं बियाणं कधी बाजारात आलं नाही, आणि भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यात अशा वाणाची नोंदणीच करता येत नाही. त्याच कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. हायब्रीड म्हणजे जनुकीय बदल केलेलं, असंही नाही. तुमच्या पाकिटातला हायब्रीड टोमॅटो साध्या परागणातून आलेला असतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. पाळी चालू असलेल्या बाईने वेलाला हात लावला तर वेल जळतो, असं आजही अनेक घरांत मानतात. वेल मर रोगाने जातो, फळमाशीने फळं सडतात, मुळाशी पाणी साचून झाड पिवळं पडतं. स्पर्शाने काहीही होत नाही. ज्या बायकांनी हे वाण शतकानुशतकं राखले, त्यांनाच महिन्यातले काही दिवस मांडवाखालून हाकलणारी ही समजूत लाजिरवाणी आहे. 'गावरान' छापलं की तिप्पट भाव लावणाऱ्या आणि सगळ्या रोगांवर गुण सांगणाऱ्या पाकिटांनाही भुलू नये. निळ्या टोमॅटोचं चित्र पाहून तर मुळीच पैसे देऊ नयेत.

बाकीचं काम सोपं आहे. बियाण्याचं फळ खाण्याच्या अवस्थेच्या पुढे जाऊ द्यायचं: वांगं पिवळं पडेपर्यंत, दुधी वाळून खुळखुळेपर्यंत. टोमॅटोचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून धुवायचं, म्हणजे उगवण रोखणारं बुळबुळीत आवरण निघून जातं. सावलीत खडखडीत वाळवायचं. बीमधला ओलावा एक टक्क्याने कमी झाला तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तर पुन्हा दुप्पट. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून, फ्रिजमध्ये.

सुरुवात घेवडा आणि टोमॅटोने करा. त्यांचा वाण चार-पाच झाडांवरही तगतो. मका आणि कांदा गच्चीवर राखायच्या भानगडीत पडू नका. त्यांना परपरागणाची सवय आहे आणि थोड्याच झाडांचं बी धरत गेलं की पुढच्या पिढ्या खुरटतात. मक्याला त्यासाठी शंभरेक झाडं तरी हवीत. कांद्याचं बी तर वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागतं, तेव्हा ते दर हंगामात ताजं, आपल्या भागातल्या बी पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडूनच घ्यावं.