एचआयव्ही आणि एड्स

एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याच्या संसर्गाची शेवटची अवस्था. उपचार न झाल्यास संसर्ग बहुधा वर्षानुवर्षांनी या अवस्थेला पोहोचतो. लागण होते ती विषाणूची. एड्स एकाकडून दुसऱ्याला होत नाही. ‘एड्सची चाचणी’ हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो, पण नेहमीच्या रक्तचाचणीतून कळतो तो एचआयव्हीचा संसर्ग. एड्सचे निदान प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची मोजणी आणि झालेले आजार पाहून डॉक्टर करतात. वेळेवर औषधे सुरू करून ती नियमित घेणाऱ्या बहुतेकांवर ही अवस्था कधीच येत नाही.

दोन्ही नावांची सरमिसळ होण्याचे मूळ इतिहासात आहे, कारण आजार आधी दिसला आणि विषाणू नंतर सापडला. जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाची नोंद छापून आली. हा न्यूमोनिया एरवी प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांतच आढळे. हे पाचही जण त्याआधी धडधाकट होते. कारण हाती नसतानाच १९८२ मध्ये या लक्षणसमूहाला एड्स हे नाव मिळाले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतानिए यांच्या गटाने १९८३ मध्ये विषाणू वेगळा केला. अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने १९८४ मध्ये त्याचा आजाराशी असलेला संबंध भक्कमपणे मांडला. शोधाच्या श्रेयावरून दोन्ही देशांत बराच वाद झाला. २००८ चे नोबेल पारितोषिक मात्र फ्रेंच जोडीला मिळाले. विषाणूला एचआयव्ही हे नाव १९८६ मध्ये ठरले. तोवर ‘एड्स’ घराघरांत पोहोचला होता.

विषाणूचे काम

एचआयव्ही रेट्रोव्हायरस गटात मोडतो. त्याचे मुख्य लक्ष्य म्हणजे सीडी४ हा रेणू अंगावर वागवणाऱ्या मदतनीस पांढऱ्या पेशी. प्रतिकारव्यवस्थेतील इतर पेशींना कामाला लावण्याची जबाबदारी यांच्यावर असते, म्हणून यांची संख्या घटली की सगळीच व्यवस्था विस्कळीत होते. पेशीत शिरल्यावर विषाणू आपल्या आरएनए या जनुकीय द्रव्यावरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्याच डीएनएत जोडून टाकतो. अशा काही पेशी विषाणू न बनवता वर्षानुवर्षे सुप्त राहतात. औषधे विषाणूची वाढ रोखतात, पण या सुप्त साठ्यापर्यंत पोहोचत नाहीत. संसर्ग आटोक्यात राहूनही समूळ नष्ट होत नाही तो यामुळे.

विषाणू रक्त, वीर्य, योनी व गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. स्पर्श, लाळ, एकत्र जेवण किंवा डास यांतून तो पसरत नाही.

संसर्गाची वाटचाल

लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणे असा त्रास होतो. फ्लू समजून तो सोडून दिला जातो आणि आपोआप बराही होतो. काहींना काहीच जाणवत नाही. रक्तातील विषाणूंचे प्रमाण याच काळात शिगेला पोहोचते. दर मिलिलिटरमागे ते लाखोंच्या घरात जाऊ शकते. त्यामुळे इतरांना लागण होण्याचा धोका या दिवसांत फार मोठा असतो. अडचण अशी, की प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवते ती प्रथिने, अजून पुरेशी तयार झालेली नसल्याने चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. यालाच विंडो पिरियड म्हणतात. विषाणूचे प्रथिन आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी सहसा १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. केवळ प्रतिपिंडांवर अवलंबून असलेल्या चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात.

याच सुरुवातीच्या आठवड्यांत आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशींचा मोठा संहार होतो. तो रक्ताच्या चाचणीत नीट दिसत नाही, कारण या पेशींचा फार थोडा भाग रक्तात फिरत असतो. पुढे प्रतिकारव्यवस्था विषाणूला काही अंशी आवरते आणि त्याचे प्रमाण एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी जितकी वर, तितकी पुढची घसरण वेगवान.

मग येतो लक्षणांवाचूनचा काळ. उपचारांशिवाय तो प्रौढांत सरासरी आठ ते दहा वर्षांचा असतो. माणूस कामधंदा करतो, ठणठणीत दिसतो. आजार शरीरात झोपी गेला आहे, असे पूर्वी डॉक्टरांनाही वाटे. हा समज १९९५ मध्ये मोडला. अमेरिकेतील संशोधक डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी रुग्णांना विषाणूची वाढ थांबवणारी नवी औषधे दिली आणि रक्तातील विषाणू किती झपाट्याने घटतात ते मोजले. काही दिवसांतच प्रमाण कोसळले. याचा अर्थ, औषधाआधी विषाणू त्याच वेगाने मरत होते आणि तितक्याच वेगाने नवे तयार होत होते. ही निर्मिती दिवसाला अब्जावधींच्या घरात असते. बाहेरून शांत दिसणारी ही वर्षे आत अखंड झटापटीची असतात. आतड्याचे अस्तर दुबळे झाल्याने तेथील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, प्रतिकारव्यवस्था सतत चेतलेली राहते आणि या दमछाकीतही पेशी खर्ची पडतात.

निरोगी प्रौढात दर घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली, किंवा ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा झाला, की एड्स म्हणतात. २१० आणि १९० पेशी असलेल्या दोघांच्या प्रकृतीत फारसा फरक नसतो, तेव्हा ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. पण ती मनमानीही नाही: त्या सुमारास न्यूमोसिस्टिसचा धोका झपाट्याने वाढतो. अमेरिकेत १९९३ पासून पेशींचा हा निकष व्याख्येत आला, क्षयरोग आणि गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोगही यादीत जोडले गेले, आणि त्या वर्षी नोंदलेल्या एड्सरुग्णांची संख्या एकदम उसळली.

पेशी जसजशा घटतात, तसतसे वेगवेगळे संधिसाधू, म्हणजे दुबळ्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे, आजार डोके वर काढतात. नागीण आणि तोंडातील बुरशी आधीच दिसू शकतात. संख्या १०० च्या खाली गेल्यावर टॉक्सोप्लाझ्मोसिस हा परजीवीचा संसर्ग आणि क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर यांची भीती असते. ५० च्या खाली सायटोमेगॅलोव्हायरस हा दुसरा एक विषाणू डोळ्याचा पडदा खराब करून दृष्टी हिरावू शकतो. कापोसी सार्कोमा आणि लिम्फोमा हे कर्करोगही एड्सच्या यादीत आहेत. क्षयरोग मात्र या पायऱ्या मानत नाही. पेशी भरपूर असतानाही तो होतो, आणि एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंचे ते जगभरातील सर्वांत मोठे कारण आहे. एड्सच्या अवस्थेत उपचारच मिळाले नाहीत, तर आयुष्य बहुधा तीनेक वर्षांचे उरते.

सर्वांची वाटचाल सारख्या गतीने होत नाही. काही जण दोन-तीन वर्षांतच एड्सपर्यंत पोहोचतात, तर एक टक्क्याहूनही कमी लोकांचे शरीर औषधांवाचून विषाणूला जवळपास अदृश्य ठेवते. मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत आढळणारा एचआयव्ही-२ हा प्रकार बराच संथ आहे. जन्माच्या सुमारास लागण झालेल्या बाळांची घसरण सर्वांत क्रूर: उपचार नसल्यास सुमारे निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

उपचारांनी बदललेले चित्र

पहिले औषध, झिडोव्हुडिन, १९८७ मध्ये आले. एकट्याने दिल्यावर विषाणू त्याला लवकर सरावला. खरी कलाटणी १९९६ च्या सुमारास, तीन औषधे एकत्र देण्याने मिळाली. पेशी किती घटल्या याची वाट न पाहता निदान होताच औषधे सुरू करावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. स्तनपानातून होणाऱ्या लागणीचा धोकाही खूप घटतो, पण पूर्ण शून्य होतो असे म्हणता येत नाही. औषधे थांबवली, की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू परततो.

एड्सच्या अवस्थेत पोहोचलेला रुग्णही उपचारांनी सावरू शकतो आणि त्याच्या सीडी४ पेशी पुन्हा २०० च्या वर जाऊ शकतात. सुरुवातीचे काही आठवडे मात्र जपावे लागतात. जागी झालेली प्रतिकारशक्ती शरीरात दडलेल्या क्षयरोगासारख्या संसर्गावर तुटून पडते, आणि रुग्ण बरा होण्याऐवजी काही काळ जास्तच आजारी दिसतो. मेंदूत क्रिप्टोकॉकस असेल तर हा धोका इतका मोठा असतो, की डॉक्टर आधी बुरशीवर उपचार करतात आणि एचआयव्हीची औषधे चार ते सहा आठवडे मुद्दाम लांबवतात.