डेव्हिस चषकाच्या मागून आलेली स्पर्धा

आजच्या ऑस्ट्रेलियन ओपन या टेनिस स्पर्धेचे मूळ नाव ‘ऑस्ट्रेलेशियन चॅम्पियनशिप्स’. डेव्हिस चषकात, म्हणजे देशांच्या संघांमधल्या टेनिस स्पर्धेत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा संघ एकच असे, म्हणून ही स्पर्धाही दोघांची सामाईक. पहिली १९०५ च्या नोव्हेंबरात मेलबर्नच्या सेंट किल्डा रोडवरील एका क्रिकेट मैदानाच्या हिरवळीवर झाली. रॉडनी हीथने पहिला सेट गमावूनही अल्बर्ट कर्टिसला हरवले. स्पर्धक होते अवघे १७.

पुढच्या वर्षी स्पर्धा न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला गेली आणि तिथल्याच अँथनी वाइल्डिंगने ती जिंकली. मग ब्रिस्बेन, सिडनी, पर्थ अशी ती फिरत राहिली. सर्वांना संधी मिळावी हा हेतू चांगला, पण अंतरांपुढे तो लंगडा पडला. १९०९ मध्ये पूर्व किनाऱ्यावरून पर्थला रेल्वेच नव्हती, ती १९१७ साली जोडली गेली. तोवर जहाजाशिवाय मार्ग नाही. नोकरीधंदा सांभाळून खेळणाऱ्या हौशी खेळाडूंना हे कसे परवडावे? खुद्द मेलबर्नच्या नॉर्मन ब्रुक्सने विंबल्डन १९०७ मध्येच जिंकले; ब्रिटनबाहेरचा तो पहिला पुरुष विजेता. घरच्या स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद मात्र त्याला एकदाच मिळाले, १९११ साली, तेही स्पर्धा मेलबर्नला असताना.

मग परदेशी विजेते कुठून आले? डेव्हिस चषकाच्या निमित्ताने. १९०८ मध्ये अमेरिकेचा संघ मेलबर्नला चषकासाठी आला आणि हरला; त्यातल्या फ्रेड अलेक्झांडरने सिडनीत ही स्पर्धा जिंकली. १९१२ मध्ये ब्रिटिश संघाने मेलबर्नला चषक जिंकला आणि न्यूझीलंडच्या हेस्टिंग्ज गावी झालेल्या स्पर्धेची अंतिम लढत याच संघातल्या दोघांत रंगली: आयर्लंडचा जेम्स पार्क आणि आल्फ्रेड बीमिश. जिंकला पार्क. चषकाची लढत तिकडे नसती, तर निव्वळ या स्पर्धेसाठी यांनी एवढा समुद्रप्रवास केला असता, असे वाटत नाही.

महायुद्धामुळे १९१६ ते १९१८ स्पर्धा झाली नाही. वाइल्डिंग १९१५ मध्येच फ्रान्समध्ये मारला गेला होता. महिलांना प्रवेश मिळायला १९२२ उजाडले. पुढे न्यूझीलंडने वेगळी चूल मांडली आणि १९२७ पासून नावातून ‘ऑस्ट्रेलेशियन’ गेले.

विमाने आली तरी दूरपणाची अडचण पुरती सरली नाही. स्वीडनचा नामवंत टेनिसपटू ब्योर्न बोर्ग तिथे एकदाच खेळला, १९७४ साली. तोवर स्पर्धा मेलबर्नच्या कूयाँग क्लबवर स्थिरावली होती. तिथले गवत १९८७ पर्यंत टिकले. १९८८ पासून फ्लिंडर्स पार्कच्या हार्ड कोर्टवर खेळ सुरू झाला.