शेतातला युरिया ट्रकच्या टाकीत चालतो का?

'डीईएफ म्हणजे युरिया आणि पाणीच. खताचा युरिया कालवून टाका, पैसे वाचतात.' हा सल्ला जुन्या बीएस-४ ट्रकच्या मालकांमध्ये वर्षानुवर्षे फिरतोय. डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारलं जाणारं द्रावण; त्याची टाकी डिझेलपेक्षा वेगळी असते.

तो अर्धा खरा आहे, म्हणून पटतो. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी खनिजविरहित पाणी. पण खताच्या युरियावर आपल्याकडे निंबोळी तेलाचा लेप असतो आणि त्यात बाययुरेटही (युरिया बनवताना तयार होणारी अशुद्धी) जास्त. शिवाय बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम. हे सगळं डीईएफ फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी साचतं, कॅटॅलिस्टवर (धूर स्वच्छ करणाऱ्या भागावर) बसतं. नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे घातक ऑक्साइड) कमी होत नाही, सायलेन्सरकडचा सेन्सर ते पकडतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसला तरी काही दिवसांत तोच परत येतो आणि दोष बिचाऱ्या सेन्सरवर जातो.

तपासायचं कसं? रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावणात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाने) फक्त युरियाचं प्रमाण कळतं, शुद्धता नाही. घरचं मिश्रणही त्यात पास होऊ शकतं. म्हणून आधी कॅनवर आयएसओ २२२४१ (डीईएफच्या दर्जाचं मानक) पाहा. मग इंजेक्टर खोलून पांढरे खडे आहेत का बघा. दिसले तर टाकी रिकामी करून धुवा, इंजेक्टर साफ करा. नवा सेन्सर त्यानंतर. अर्थात वायरिंग तुटल्यानेही हाच दिवा लागतो, तेही बघून घ्या.