११५ वर्षांच्या आजींच्या रक्तात काय सापडलं?

शंभरी ओलांडलेल्या माणसाला हटकून विचारतात, तुम्ही खाता काय? नेदरलँड्सच्या हेंड्रिक्ये व्हान आंडेल-स्किपर या आजी सांगत, रोज हेरिंग मासा. १८९० साली अपुऱ्या दिवसांच्या जन्मलेल्या या बाईंचं जन्मवजन जेमतेम १.६ किलो होतं. २००५ साली त्या गेल्या, ११५व्या वर्षी. पण हेरिंग त्या देशात घरोघरी खातात आणि सगळेच काही एवढे जगत नाहीत. खरं उत्तर त्यांच्या देहातच शोधायला हवं होतं आणि ते शोधता आलं ते त्यांच्यामुळेच.

८२व्या वर्षी त्यांनी देहदानाचा अर्ज भरला होता. १११व्या वर्षी त्यांनीच ग्रोनिंगन विद्यापीठाला फोन करून विचारलं, इतक्या म्हाताऱ्या देहाचा अजून उपयोग होईल ना? या एका फोनचं विज्ञानावर मोठं ऋण आहे. ११२ आणि ११३व्या वर्षी घेतलेल्या चाचण्यांत त्यांची बुद्धी साठी-सत्तरीतल्या सर्वसाधारण माणसापेक्षा तल्लख निघाली. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूत अल्झायमरच्या खुणा जवळपास नव्हत्या.

रक्ताची गोष्ट मात्र वेगळी होती. रक्तपेशी सतत मरतात आणि अस्थिमज्जेतल्या मूळपेशी नव्या घडवतात. तरुणपणी हे काम अनेक मूळपेशी वाटून घेतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की आजींच्या सुमारे दोन तृतीयांश पांढऱ्या पेशी फक्त दोन मूळपेशींपासून आलेल्या होत्या! गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर पेशी विभागताना झिजतात. त्यांच्या रक्तातले टेलोमिअर मेंदूतल्यापेक्षा १७ पट आखूड होते. म्हणजे एकाच देहात मेंदू शाबूत आणि रक्ताचा कारखाना थकलेला. त्यांचा मृत्यू पोटाच्या कर्करोगाने झाला, पण तो झाला नसता तरी मूळपेशींचा साठा संपत आला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मग जनुकांचं काय? डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासानुसार आयुर्मानातल्या फरकात त्यांचा वाटा साधारण पाव. शंभरीपलीकडे मात्र तो वाढतो, असं अभ्यासक मानतात. पेशींना ताण सोसायला मदत करणाऱ्या फॉक्सो-३ या जनुकाचं एक रूप दीर्घायुषींत जास्त आढळतं. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत ते २००८ साली प्रथम दिसलं.

आजींच्या रक्ताचा अभ्यास करणाऱ्या हेन्ने होल्स्टेख यांनी पुढे ॲमस्टरडॅममध्ये शंभरी पार केलेल्या, बुद्धी शाबूत असलेल्या माणसांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या अनेकांनी मेंदूदानाला संमती दिली आहे.