नवा प्लेस्टेशन की नवा एक्सबॉक्स? पैसे भरण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, दिवाळी २०२०

दसऱ्यापासून दुकानात रोज एकच प्रश्न येतोय, "पीएस ५ (प्लेस्टेशन ५) घेऊ की एक्सबॉक्स?" फोनवर येतोय, व्हॉट्सअ‍ॅपवर येतोय, रात्री शटर ओढतानाही येतोय. उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन तुम्हाला वाटेला लावणं आम्हाला पटत नाही. पन्नास हजारांचा मामला आहे आणि बहुतेक घरांतून एवढी रक्कम खेळासाठी एकदाच बाहेर पडते. त्यातून हे वर्ष कसं गेलंय ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हे पत्रक छापलं.

टीव्हीला जोडून गेम खेळायची ही यंत्रं, म्हणजे कन्सोल, अजून बाजारात यायची आहेत, तेव्हा याला पहिली छाप समजा. पण ही छाप जाहिरातींवरून घेतलेली नाही. कंपन्यांनी जाहीर केलेली मापं, किमती आणि आतली रचना, त्यातले भाग उघडून दाखवलेले व्हिडिओ, आणि इतकी वर्षं तुमची जुनी यंत्रं उघडून साफ करताना आम्ही जे पाहिलं, त्यावरून ती घेतली आहे.

आधी तारखा आणि किमती. मायक्रोसॉफ्टचे दोन्ही नवे एक्सबॉक्स १० नोव्हेंबरला भारतात येताहेत, म्हणजे धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी. मोठा सिरीज एक्स ४९,९९० रुपयांना, धाकटा सिरीज एस ३४,९९० रुपयांना. सोनीचा प्लेस्टेशन ५ अमेरिका आणि जपानसह काही देशांत १२ नोव्हेंबरला मिळू लागेल. भारतातली किंमत जाहीर झाली आहे, डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा डिजिटल ३९,९९०. भारताची तारीख मात्र सोनीने अजून दिलेली नाही. कुणी तुम्हाला "पाडव्याला घरी पोचवतो" म्हणून पीएस ५ चे पैसे आधी मागत असेल, तर देऊ नका.

पुठ्ठ्याचे खोके

मापं जाहीर झाल्यावर आम्ही दुकानात एक काम केलं. फ्रिजच्या पॅकिंगचा जाड पुठ्ठा कापून तिन्ही यंत्रांचे खऱ्या मापाचे खोके बनवले आणि काउंटरवर ठेवले. पीएस ५ ची उंची ३९ सेंटिमीटर, खोली २६, जाडी साडेदहाच्या आसपास. वजन साडेचार किलो. आकडा वाचून काही वाटत नाही, पण तो खोका समोर आला की माणूस दोन पावलं मागे सरकतो. सिरीज एक्स १५ बाय १५ सेंटिमीटरचा आणि ३० उंचीचा काळा चौकोनी डबा आहे, वजन जवळपास तेवढंच. सिरीज एस त्यांच्या पुढे अगदीच लहान, साडेसत्तावीस बाय पंधरा बाय साडेसहा, दोन किलोच्याही आत.

आमच्या एका जुन्या ग्राहकाकडे हे खोके घेऊन गेलो. टीव्हीखाली काचेच्या दाराचं शोकेस, आतली उंची ३५ सेंटिमीटर. पीएस ५ उभा बसला नाही. आडवा ठेवला तर बसला, पण शोकेसची खोली ३० सेंटिमीटर, म्हणजे मागे चार सेंटिमीटर उरले. त्यातच वायरी येणार आणि त्याच बाजूने यंत्राची गरम हवा बाहेर पडणार. काचेचं दार लावलं की ती हवा तिथेच फिरत राहणार. वहिनींनी लगेच विचारलं, "मग वर टीव्हीशेजारी ठेवला तर?" तिथे तो छान बसला. पन्नास हजार खर्च करून मग सुतार बोलावण्यापेक्षा हे आधी कळलेलं बरं.

सिरीज एक्सची अडचण वेगळी. तो खालून गार हवा घेतो आणि वरच्या जाळीतून गरम हवा सोडतो. आपल्याकडे टीव्हीजवळच्या प्रत्येक वस्तूवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी असते. इथे वर काहीही ठेवायचं नाही. धूळ बसू नये म्हणून टाकलेला रुमालच त्याचा श्वास कोंडेल.

धूळ आणि उष्णता

आमच्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या कन्सोलमध्ये मूळ भाग बिघडलेली थोडी असतात. बरीचशी गुदमरलेली असतात. झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा धुळीचा थर, आणि चिपवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट खडूसारखी वाळून भुगा झालेली. म्हणून नव्या यंत्राची माहिती आली की आम्ही ग्राफिक्सच्या आधी पंखा बघतो.

७ ऑक्टोबरला सोनीने पीएस ५ उघडून दाखवला. पांढरी बाजूची पानं हाताने सरकवून निघतात, स्क्रू काढावा लागत नाही. आत १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा आहे, तो दोन्ही बाजूंनी हवा ओढतो. आणि आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे धूळ साठायला मुद्दाम केलेले कप्पे, ज्यांच्या भोकांना घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावून धूळ काढता येते. चिपवर नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरलाय. तो उष्णता उत्तम वाहून नेतो, पण वीजवाहकही असतो, त्यामुळे घरी कुणी यूट्यूब बघून आतपर्यंत खोलायला जाऊ नका. पानं काढा, धूळ ओढा, तिथे थांबा. पुढचं काम आमच्याकडे आणा.

सिरीज एक्समध्ये १३० मिलिमीटरचा एकच मोठा पंखा वर बसवलाय, मुख्य बोर्ड दोन भागांत विभागून मधून हवेला मोकळी वाट दिलीय. रचना सुटसुटीत आहे आणि कागदावर तरी ती आम्हाला पटली. पण घरच्या घरी धूळ काढण्याची सोय पीएस ५ ची जास्त चांगली, आणि रस्त्यालगतच्या घरात राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा मोठा आहे.

वीजेचं म्हणाल तर दोघांचेही पॉवर सप्लाय आतच आहेत, पीएस ५ चा ३५० वॉटचा, सिरीज एक्सचा ३१५ वॉटचा. कॉम्प्युटरला लावलेल्या साध्या छोट्या यूपीएसवर कन्सोल आणि टीव्ही दोन्ही चालवायचे म्हटलं तर तो पुरणार नाही.

ताकद कुणाची जास्त?

कॉलेजची मुलं आल्याआल्या टेराफ्लॉप्स विचारतात, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या चिपच्या ताकदीचा आकडा. सिरीज एक्स बारा, पीएस ५ सव्वादहा, सिरीज एस चार. दोन्ही कंपन्यांची मुख्य चिप एएमडीचीच आहे आणि एकाच घराण्यातली आहे. बारा आणि सव्वादहामधला फरक घरातल्या सोफ्यावरून ओळखता येईल असं आम्हाला वाटत नाही. सिरीज एसचा चार मात्र लक्षात ठेवा. तो पूर्ण फोर-के, म्हणजे खूप बारीक चित्रासाठी बनवलेलाच नाही, त्याहून कमी बारकाव्याच्या १४४० पी चित्रासाठी बनवलाय. घरी साधा फुल एचडी टीव्ही असेल आणि पुढची दोन-तीन वर्षं बदलायचा नसेल, तर ते चित्र उत्तम दिसेल.

खरा बदल एसएसडीचा आहे, तो दोघांकडेही आहे. किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. जुन्या कन्सोलची हार्डडिस्क म्हणजे माल मागच्या गल्लीतल्या गोदामात, गिऱ्हाइकाने साखर मागितली की पोराला सायकलवर पिटाळायचं. एसएसडी म्हणजे माल गल्ल्यामागच्या फळीवरच, हात लांबवला की आला. गेममध्ये लिफ्टमधून उगाच वेळ जातो किंवा अरुंद बोळातून सरकत जावं लागतं ना, त्यातलं बरंचसं पोरगं गोदामातून येईपर्यंत तुम्हाला गुंतवून ठेवण्यासाठी असतं. गेल्या वर्षी सोनीने स्पायडरमॅनचा एकच प्रसंग जुन्या पीएस ४ प्रोवर आणि नव्या यंत्राच्या नमुन्यावर उघडून दाखवला होता. आधी आठ सेकंद लागत होते, नव्यावर एक सेकंदही लागला नाही. वेगात पीएस ५ पुढे आहे, सेकंदाला साडेपाच जीबी, सिरीज एक्स २.४ जीबी. जागेत सिरीज एक्स पुढे, १ टीबी, पीएस ५ मध्ये ८२५ जीबी. सिरीज एसमध्ये ५१२ जीबी, पण त्यातले गेमसाठी मोकळे सुमारे ३६४ जीबीच. हल्ली कॉल ऑफ ड्यूटीसारखा एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो, तेव्हा तीन-चार मोठे गेम झाले की धाकट्याचं पोट भरलं.

एक्सबॉक्समध्ये क्विक रिझ्यूम नावाची सोय आहे, ती आपल्याकडे फार उपयोगी पडेल. खेळता खेळता सोडलेले अनेक गेम आहेत त्या जागी एसएसडीवर ठेवून दिले जातात, यंत्र पूर्ण बंद करून सुरू केलं तरी पुन्हा तिथूनच उचलता येतात. संध्याकाळी मुलाने मॅच अर्धी सोडली, रात्री बाबांनी आपला गेम लावला, तरी सकाळी मुलाची मॅच तशीच.

पीएस ५ ची खासियत त्याच्या कंट्रोलरमध्ये आहे, ज्याला आपण अजून जॉयस्टिकच म्हणतो. मागची बटणं गेमनुसार कडक किंवा सैल होतात, धनुष्य ताणताना बोटाला ताण लागतो. थरथरही नुसती घूं घूं नाही, वाळू वेगळी आणि काच वेगळी हाताला कळावी असा प्रयत्न आहे. अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम नावाचा गेम यंत्रात आधीच भरलेला येणार आहे, तो याच साठी केलाय. एक्सबॉक्सचा कंट्रोलर जुन्याच वळणाचा आहे, त्यात दोन पेन्सिल सेल लागतात. रिचार्ज होणारे सेल घ्या.

इथे पैशाची एक गोष्ट. जुन्या एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर नव्या एक्सबॉक्सवर नव्या गेमलाही चालतील. पीएस ४ चा कंट्रोलर पीएस ५ वर फक्त पीएस ४ च्या गेमसाठी चालेल. दोन भावंडं एकत्र खेळणार असतील तर दुसऱ्या कंट्रोलरचे ५,९९० रुपये हिशेबात धरा.

डिस्कवाला घ्यावा का?

जुन्या सीडींची अदलाबदल हा आमच्या धंद्याचा मोठा भाग आहे, तेव्हा आम्ही डिस्कवाल्याच्याच बाजूने बोलणार असं तुम्हाला वाटेल. म्हणून हिशेब उघड मांडतो, पटला तर घ्या. डिजिटल पीएस ५ दहा हजारांनी स्वस्त. नव्या गेमच्या किमती ३,९९९ आणि ४,९९९ अशा जाहीर झाल्या आहेत. सीडी खेळून झाली की विकता येते, मित्राला देता येते. एका सीडीमागे दीड हजार जरी परत आले, तरी सात गेममध्ये दहा हजार वसूल. डिजिटल गेम तुमच्या खात्याला कायमचा चिकटतो, तो कुणाला विकता येत नाही. पण वर्षाला एकच फिफा घेऊन तोच वर्षभर मित्रांशी ऑनलाइन खेळणारा कुणी असेल, त्याने डिजिटल घ्यावा. त्याला आम्ही डिस्कवाला विकणार नाही.

दुसरा प्रश्न जुन्या सीडींचा. पीएस ४ चे चार हजारांहून जास्त गेम आहेत, त्यातले मोजके दहाच पीएस ५ वर चालणार नाहीत असं सोनीने कळवलंय. म्हणजे तुमच्या कपाटातल्या सीडी जगल्या, पण फक्त डिस्कवाल्यावर. डिजिटलमध्ये त्या घालायला फटच नाही. सिरीज एसचंही तेच. चिप टाकून घेतलेल्या जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या दीडशे-दोनशे रुपयांच्या नकली सीडी यांतल्या कशावरच चालणार नाहीत, त्या आशेने कुणी घेऊ नका.

तिसरं, इंटरनेट. शहरात फायबर आहे, तिथे चिंता नाही. पण ज्यांचं घर मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर चालतं, त्यांना शंभर जीबीचा गेम उतरवायला दोन महिने लागतील. मुलांची ऑनलाइन शाळाही त्याच नेटवर आहे. अशा घरी बिनडिस्कचं कुठलंच यंत्र नको.

मग एक्सबॉक्स कुणी घ्यावा? ज्याचं नेट चांगलं आहे आणि ज्याला एकाच गेममध्ये सहा महिने रमण्यापेक्षा खूप काही चाखून बघायचंय, त्याने. महिन्याच्या वर्गणीत बरेच गेम खेळू देणारा गेम पास हे एक्सबॉक्सचं सगळ्यात मोठं बळ. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम पहिल्या दिवसापासून त्यात येतात, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने साडेसात अब्ज डॉलर्सना बेथेस्डा या गेम कंपनीची मालक कंपनी विकत घेण्याचा करार जाहीर केलाय, म्हणजे डूम आणि फॉलआउट हे गेम करणारी मंडळीही तिकडे निघाली. कमतरता अशी की ज्या हेलो इन्फिनिट गेमची सगळे वाट बघत होते तो पुढच्या वर्षावर गेला, त्यामुळे १० नोव्हेंबरला फक्त एक्सबॉक्सवरच खेळता येईल असा मोठा नवा गेम हाती नाही. सोनीकडे पहिल्याच दिवशी डीमन्स सोल्स या गेमची नवी आवृत्ती आहे, ती पीएस ५ शिवाय दुसऱ्या कन्सोलवर मिळणार नाही. नवा स्पायडरमॅन पीएस ४ वरही येतोय, तेव्हा फक्त त्याच्यासाठी घाई करण्यात अर्थ नाही.

आणि शेवटी मित्र कुठल्या यंत्रावर आहेत ते मुलांना विचारा. घेतल्यावर एकटं खेळत बसावं लागलं तर सगळ्या आकड्यांचा उपयोग शून्य.

आमचा एक जुना अनुभव

मागच्या पिढीच्या वेळी आम्ही घाई केली होती. भारतात यायच्या आधी एका व्यापाऱ्याकडून बाहेरून आणलेली दोन यंत्रं जादा पैसे देऊन घेतली आणि दोन ग्राहकांना दिली. पक्कं बिल नव्हतं. एक यंत्र दीड महिन्यात बंद पडलं, इथे वॉरंटी नाही म्हणून कुणी हात लावेना, आणि व्यापाऱ्याने फोन उचलणं सोडलं. ग्राहकाचे पैसे आम्ही हप्त्याहप्त्याने परत केले. त्याचं वाईट आजही वाटतं, कारण मुलाच्या वाढदिवसाची ती भेट होती. यंदा बाहेरून आणलेला माल आम्ही ठेवणार नाही, आणि तारीख जाहीर होईपर्यंत पीएस ५ साठी एक रुपयाही आगाऊ घेणार नाही. नाव आणि नंबर वहीत लिहून ठेवा, माल आला की त्याच क्रमाने फोन करू.

पुठ्ठ्याचे खोके दुकानात आहेत, एका रात्रीसाठी घरी न्यायला देतो, त्याचे पैसे नाहीत. टीव्हीजवळ ठेवून बघा, शोकेसचं दार लावून बघा, मागे वायरींसाठी निदान वीतभर जागा सोडा, आणि दुसऱ्या दिवशी परत आणा, कारण पुढचा माणूस थांबलेला असतो.