एकनळी बंदूक: कलम ४५ चा पेच आणि जुन्या शस्त्रांचे जतन

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. विधेयक मांडले गेले तेव्हा तर ती एकच होती, विरोध झाल्यावर दोन करण्यात आली. जादा बंदूक जमा करायला वर्षभराची मुदत मिळाली. ज्या घरात तीन बंदुका होत्या तिथे कोणती द्यायची हा प्रश्न आला, आणि साहजिकच सर्वांत जुनी, बाजारात सर्वांत कमी किमतीची, म्हणजे पणजोबांच्या वेळची एकनळी पुढे झाली. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकाही दोनच्या मर्यादेतच मोजायच्या, असे त्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिले आहे. जुन्या एकनळी बंदुका जमवणाऱ्या आणि पूर्ववत करणाऱ्या लोकांना हा निर्णय सर्वांत जास्त लागला. त्याची मुळे मात्र बरीच मागे जातात.

एकनळी म्हटल्यावर दोन निरनिराळ्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. पहिली ठासणीची: तोंडाकडून दारू आणि छरे भरायचे, गजाने ठासायचे, केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) बसवायची आणि घोडा पाडायचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अजूनही वापरात आहे. दुसरी काडतुसाची, नळी मधून मोडून किंवा मागचा ठोकळा खाली पाडून भरायची. बहुतेक वेळा ती बारा बोअरची असते, म्हणजे नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. जमवणाऱ्यांच्या जगात या दोघींचे चाहते वेगळे, दुरुस्तीच्या पद्धती वेगळ्या आणि कायद्यातले नशीबही वेगळे.

१८५७ पूर्वीच्या बंदुकांबद्दल इथे फारसे सांगण्याची गरज नाही. तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुका आता संग्रहालयातच शोभतात. उठावानंतरचा बदल मात्र महत्त्वाचा आहे. देशी पलटणींच्या हाती पुन्हा पल्लेदार रायफल द्यायची नाही असे ठरले, आणि एनफिल्डच्या धर्तीवर, पण नळीच्या आतले पीळदार खाचे नसलेली गुळगुळीत नळीची मस्कट त्यांच्यासाठी तयार झाली. नळी गुळगुळीत ठेवण्यामागे कारागिरीचे काही कारण नव्हते. शिपायाचा नेम ठरावीक अंतराच्या पुढे जाऊ नये, एवढाच हेतू होता. पुढे १८७८ च्या कायद्याने सर्वसामान्य भारतीयाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपीय माणूस त्यातून सुटला. राष्ट्रीय चळवळीने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून, १८८७ मध्ये मद्रासलाही, या कायद्याविरुद्ध ठराव केले. भारतातली जुनी एकनळी हातात घेताना राज्यकर्त्यांचा भारतीयांबद्दलचा हा संशय लक्षात ठेवायला हवा, कारण तो तिच्या घडणीतच उतरलेला आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली फोर-टेन (.४१० बोअरची) मस्कट. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी लष्करी ली-एनफिल्ड रायफल घेऊन तिची नळी गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला, आणि दहा फैरींच्या हत्याराचे एका फैरीचे केले. तिचे काडतूसही खास: थ्री-नॉट-थ्रीचे पितळी कवच मान न आवळता सरळ ठेवलेले, आत एक गोळी किंवा छरे. बाजारातले फोर-टेन काडतूस तिच्यात नीट बसत नाही आणि तिचे काडतूस बाजारातल्या बंदुकीत चालत नाही. पहिल्या महायुद्धानंतर इजिप्तच्या पोलिसांसाठी बर्मिंगहॅमच्या एका नामवंत कारखान्याने मार्टिनी पद्धतीची एकनळी बनवली, तीही याच विचाराची. तिचे काडतूस इतके वेगळे ठेवले की चोरीला गेलेली बंदूक दुसऱ्या काडतुसावर चालू नये. त्याच घडणीची बारा बोअरची नागरी आवृत्ती मात्र शेतकरी-शिकाऱ्यांमध्ये खूप खपली. लिव्हर खाली ओढली की ठोकळा पडतो, रिकामे कवच बाहेर येते आणि चाप आपोआप सज्ज होतो. इतकी साधी आणि टिकाऊ यंत्रणा एकनळीत दुसरी झाली नाही, असे माझे मत आहे.

फोर-टेन मस्कटचे पुढचे आयुष्य दुःखद आहे. सेवेतून निघालेल्या अनेक मस्कटी परदेशी बाजारात गेल्या आणि तिथे बाजारातले काडतूस चालावे म्हणून त्यांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, पुन्हा कातले गेले. एकदा चेंबर कातले की मूळ वस्तू परत मिळत नाही. नळी, दस्ता, ठसे सगळे जागेवर असले तरी ज्या काडतुसासाठी ती जन्मली ते आता तिच्यात सैल बसते. पूर्ववत करणे आणि वापरायोग्य करणे यांतला फरक समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

देशी बाजूला बिहारमधले मुंगेर. १७६० च्या दशकात बंगालच्या नवाबाने तिथे राजधानी हलवून शस्त्रशाळा उभारली आणि तेव्हापासून तिथल्या लोहारकामाचा धागा तुटलेला नाही. स्वातंत्र्यानंतर परवानाधारक खासगी कारखान्यांना ठरवून दिलेल्या संख्येइतक्याच एकनळी-दोननळी बंदुका बनवता येत होत्या. मुंगेरची एकनळी अनेक वर्षे 'स्वस्तातली' म्हणून हिणवली गेली. आज तिच्याकडे संग्राहक वळू लागले आहेत आणि ते योग्यच आहे, कारण नळी आणि मागच्या भागाचा हाताने घासून जुळवलेला सांधा आता क्वचितच कुणी करते.

पूर्ववत करण्याच्या कामात विलायती बंदुकीवरचे चाचणीचे ठसे, म्हणजे नळी बाराचा दाब सोसते याची खूण, हे पहिले वाचन असते. १९०४ च्या नियमांनंतर धूरविरहित दारूच्या चाचणीचा 'एनपी' ठसा नळीवर येऊ लागला, १९२५ पासून चेंबरची लांबीही कोरली जाऊ लागली. 'एनपी' ठसा नसलेली नळी काळ्या दारूसाठीच समजायची. जुन्या चेंबरची लांबी बहुधा ६५ मिलिमीटर, आजच्या काडतुसाची ७०. काडतूस आत सहज बसते, म्हणून फसगत होते. बार उडाल्यावर कवचाचे तोंड उघडते, ते पुढच्या अरुंद भागात घुसते आणि दाब वाढतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी असेल तर धोका आणखी मोठा. अशा नळीवर पॉलिशचे चाक फिरवणे म्हणजे तिची नक्षी पुसणे. जुन्या केपांमधल्या क्षारांनी नळीला आतून पडलेले खड्डे घासून काढले तर नळी पातळ होते आणि ठशाने दिलेली हमी संपते. कोकणातल्या हवेत तर गंज हा कायमचा शत्रू. चामड्याच्या पिशवीत ठेवलेली बंदूक एका पावसाळ्यात जितकी खराब होते तितकी उघड्या भिंतीवर टांगलेली होत नाही. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल हाताच्या उबेने चोळत राहावे, वॉर्निश लावू नये.

एवढे सगळे करण्याआधी मात्र कायदा आडवा येतो. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती हेच परवान्याचे काम आहे. घरी बसून गंज पुसणे वेगळे आणि घोड्याची तुटलेली कमान (स्प्रिंग) बदलणे वेगळे. दुसऱ्या कामाला परवानाधारक कारागीरच लागतो. त्याच कायद्याचे कलम ४५ काही वस्तूंना सूट देते: कालबाह्य घडणीचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त असे, दुरुस्तीने वा दुरुस्तीविना बंदूक म्हणून वापरता न येणारे शस्त्र. या एका वाक्यावर साठ वर्षे वाद चालू आहे.

वाक्याचा शेवट, म्हणजे 'वापरता न येणारे' ही अट, नेमका कुणाला लागू आहे? एका वाचनानुसार तो फक्त 'नादुरुस्त' या शब्दाला आहे. मग कालबाह्य घडणीची बंदूक, चालत असो वा नसो, आपोआप सुटते. संग्राहकांना हे वाचन सोयीचे. दुसऱ्या वाचनानुसार तो तिन्हींना आहे. पुरातन असली तरी दुरुस्त करून बार काढता येणार असेल तर परवाना हवाच. पोलीस आणि परवाना देणारे अधिकारी बहुधा हेच धरून चालतात, आणि वाक्याचा ओघ पाहता तेच अधिक सरळ वाटते. पण ते मान्य केले की सूट जवळजवळ नाहीशी होते. कुशल कारागिराला दुरुस्त करता येणार नाही अशी एकनळी क्वचितच असते. फायरिंग पिन नवी घडवता येते, कमान नवी ताणता येते, ठासणीच्या बंदुकीला तर केपेची नळी बदलली की पुरे. म्हणजे जी बंदूक जितकी चांगली जपली, ती सुटीपासून तितकी लांब. नळीला भोक पाडलेली, तोंड वेल्डिंगने बुजवलेली, घोडा कापून टाकलेली बंदूक मात्र निर्धास्त. या कलमाच्या भीतीने किती नळ्या बुजवल्या गेल्या असतील याची कल्पना करवत नाही. कायद्याने पुरातन मोलाच्या वस्तूंना जागा ठेवली आणि ती मिळवण्यासाठी ते मोल घालवण्याची वाट दाखवली, ही माझी या कलमाविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे.

सुट्या भागांबाबत कलम थोडे उदार आहे. पूरक भागांसोबत वापरायचे नसलेले किरकोळ भाग बाळगायला सूट आहे. त्यामुळे काही जण पूर्ण बंदूक सोडून नुसते घोडे, कळा आणि दस्त्याच्या पट्ट्या जमवतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली, १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपली आणि एकनळीचे मुख्य काम गेले. उरले ते शेतीसंरक्षण आणि खंडेनवमीची पूजा. १९८३ मध्ये प्रत्येकी तीन बंदुकांची मर्यादा आली. १९८० च्या दशकातच सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली, तेव्हा देशात आधीपासून असलेल्या विलायती बंदुकांच्या किमती चढल्या. दोननळी आणि रिव्हॉल्व्हर सांभाळले गेले, एकनळी मागे पडली. कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्गमध्ये) मात्र एकोणिसाव्या शतकापासूनची परवानामाफी टिकली, २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवण्यात आली. तिथे जुन्या बंदुका घरोघरी सणाला बाहेर निघतात आणि फुले वाहून परत जागेवर जातात. महाराष्ट्रात अशी सवलत नाही. उलट निवडणूक आली की शेतीसंरक्षणाच्या बंदुकाही ठाण्यात जमा कराव्या लागतात. माकडे-रानडुकरे तोवर शेतात असतात आणि बंदूक महिना-दोन महिने बिनातेलाची पडून राहते. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने सरसकट जमा करून घेण्याऐवजी छाननी करा असे सांगितले, तरी कोकणातली तक्रार संपलेली नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नियमांत बदल केला. क्युरिओ, म्हणजे संग्रहमोलाची जुनी वस्तू, म्हणून गणल्या जाणाऱ्या छोट्या शस्त्रांची खरेदी आणि मालकी भारतीय नागरिकाला परवान्याविना करता येईल, असे जाहीर झाले. साठ वर्षांत प्रथमच 'चालते का?' या प्रश्नाऐवजी 'जुने मोल आहे का?' हा प्रश्न पुढे आला, म्हणून त्याचे स्वागत व्हायला हवे. पण त्याच आदेशात वापरण्यासाठी, बरोबर नेण्यासाठी किंवा वाहतुकीसाठी परवाना लागेल असेही आहे, आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतुसे मिळणार नाहीत. काडतुसांची अट योग्यच आहे. वाहतुकीच्या अटीने मात्र कोंडी केली आहे. घरात ठेवायला मोकळी असलेली एकनळी परवानाधारक कारागिराकडे न्यायची तर ती वाहतूक ठरते, आणि कलम ५ मुळे कारागिराकडे नेल्याशिवाय तिची कमान बदलता येत नाही. जिल्हा पातळीवर यासाठी एकवेळच्या वाहतूक परवानगीचा साधा अर्ज असता तर कोंडी सुटली असती. तोवर घरी करता येण्यासारखे काम म्हणजे तेल-कापड, नळीवरच्या प्रत्येक ठशाचे आणि क्रमांकाचे स्वच्छ छायाचित्र, आणि ती कुणाकडून कुणाकडे आली याची लेखी नोंद. तिसरी बंदूक जमा करायची असेल तर ही नोंद आधीच करून ठेवावी, कारण सरकारजमा झालेली बंदूक पुढे मोडीत गेली तर तिच्याबद्दल तेवढेच उरते.